दादाच्या उंचीची सायकल

दादा गेल्याचं कळलं तेव्हा मी इथे नेदरलँड्समध्ये, आइंडहोवनला, हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे, गुडघा दाखवायला बसलो होतो. अमेरिकेतून वहिनीचा फोन. "गेले रे..." एवढंच म्हणाली. तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मी उठून चक्क गुडघा दाखवून आलो. का, ते अजून कळलेलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून वीतभर उंच. आमच्याकडे आला होता तेव्हा पाहुण्यांच्या सायकलची सीट त्यानं पार वर चढवली आणि कालव्याकाठी शीळ घालत हिंडला. परत गेल्यावर काही महिन्यांत कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी सांगितलेलं नवं औषध त्याच्या नोकरीतल्या आरोग्य योजनेनं नाकारलं. मी इथे बसून त्याच्या राज्याचा कायदा वाचून काढला. विमा कंपनीच्या नकाराची बाहेरच्या डॉक्टरांकडून फेरतपासणी मागता येते, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. त्याच्या शेजारणीला तसंच औषध मिळालंही होतं, आणि दोघांच्या कार्डावर विमा कंपनी एकच. दादा म्हणत होता, ऑफिसात साहेबांना भेटून बघतो.

"थांब," मी म्हटलं. "हात कशाला पसरतोस? हक्क आहे तुझा."

"बरं, वकीलसाहेब," तो हसला. "फी चकल्यांमध्ये चालेल ना?"

आम्ही त्याच्या राज्याच्या विमा कचेरीत तक्रार केली. कित्येक आठवडे वाट पाहिली. मग तिथल्या बाईंनी दादाला हळुवारपणे समजावलं... शेजारणीचा खर्च विमा कंपनी सोसते, तुमचा मात्र तुमची कंपनीच सोसते. विमा कंपनी फक्त कागद हाताळते. अशा योजनेवर केंद्राचा कायदा चालतो, त्यापुढे आमच्या राज्याचा लागू होत नाही.

म्हणजे होकार देऊ शकणारा माणूस दादाच्याच मजल्यावर बसत होता! दादा भेटला, साहेबांनी होकार दिलाही. पण तोवर ते औषध सोसण्याइतकी ताकद त्याच्यात उरली नव्हती. डॉक्टर म्हणतात, आधी मिळतं तरी कदाचित फरक पडला नसता. वहिनी म्हणते, तुझी चूक नाही. मी दोघांचं ऐकतो, आणि त्या 'कदाचित'पाशी पुन्हा अडकतो. एकाच राज्यातला हक्क शेजारणीच्या दारापर्यंत येतो आणि दादाच्या दाराशी थबकतो, हे मला आजही नीट उलगडत नाही.

परवा लेकीला पाहुण्यांची ती सायकल हवी होती; सीट अजून दादाच्या उंचीवरच होती. पाना घेऊन आली. "बाबा, कॅन आय लोअर द सीट?"

"थांब," मी म्हणालो, दादाला म्हटलं होतं तसंच. ती पाना धरून उभी होती.