पाळण्यातला वरवंटा

आमच्या गिरगावातल्या चाळीत तरतूदकाकांच्या खोलीत पाटा होता, पण वरवंटा पाळण्यात असे. छताच्या कड्यांना टांगलेला लाकडी पाळणा आणि त्यात दुपट्यावर निजवलेला काळा, गुळगुळीत वरवंटा. घरात पाळणा रिकामा ठेवू नये, म्हणून काकूंनी तो तिथे ठेवला होता. काकू गेल्या, तरी काकांनी तो उचलला नाही. चटणी खावीशी वाटली की वाटीत खोबरं-मिरच्या घेऊन ते आमच्या दाराशी येत. "सूनबाई, एवढं वाटून देतेस का?" आमची ही तेव्हा नवीन होती. तिने साधेपणानं विचारलं, "काका, तुमचा वरवंटा?"

"तो झोपलाय," काका म्हणाले आणि हसले. ही हसली नाही.

त्यांचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाच्या लक्षात नव्हतं. फोर्टातल्या एका पेढीवर ते हिशेबनीस होते आणि 'आधी तरतूद, मग पाहुणा' हे त्यांचं ब्रीद होतं. गणपतीची वर्गणी ते आषाढातच बाजूला काढून ठेवत. संयुक्त महाराष्ट्राचे ते दिवस. मोर्च्यात घसा बसवून आम्ही तरुण मंडळी परत यायचो. एकदा तर मी एका पायात चप्पल घालून आलो. चळवळीसाठी माझ्या हातून घडलेला त्याग तेवढाच. काका गॅलरीच्या कठड्याला टेकून उभे. "राज्य येईल रे, सदू. उद्या हरताळ आहे, दुधाची तरतूद केलीस का?" मी केलेली नसे. घरात शिरावं तर काकांनी आणून दिलेलं दूध स्टोव्हवर तापत असे.

काकू मला आठवतात, कारण मी त्याच चाळीत वाढलो. मूल व्हायचं ते सगळी तयारी झाल्यावर, असं काकांनी लग्नानंतर लगेच ठरवलं होतं. बाळंतपणाचं खातं, डिंक-खारकेचं खातं, दुधाचं, दुखण्याखुपण्याचं. ही खाती भरत आली की काकांना शाळेची फी आठवायची. फीची सोय झाली की मुंज. काकू गॅलरीत तांदूळ निवडता निवडता माझ्या आईला सांगायच्या, "अहो, आता बाळाचं पेन्शन तेवढं राहिलंय!" आणि स्वतःच मोठ्यानं हसायच्या. अखेर एका दिवाळीत काका पाळणा घेऊन आले. "जमलं!" जिना चढतानाच ते ओरडले. तोवर काकूंच्या केसांत पांढरं दिसायला लागलं होतं. काही वर्षं दोघांनी वाट पाहिली. मग काकूंना टायफॉईड झाला.

एवढं सगळं पाहूनही मी त्याच वाटेनं निघालो होतो. हिला मूल हवं होतं. मला हवं होतं, पण 'जरा स्थिर झाल्यावर'. हरताळाच्या दिवसांचा पगार कापला जायचा आणि कंपनी माणसं कमी करणार अशी बोलवा होती. हिनं आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता. आपल्या बाजूनं बोलणारा एखादा शहाणा माणूस हवा, म्हणून मी काकांकडे गेलो.

"दोन वर्षं थांबावं म्हणतो, काका."

"आत्ता काय काय आहे तुझ्याकडे?"

"नोकरी. म्हणजे आजपर्यंत तरी आहे."

"आणखी?"

"पोस्टात थोडे आहेत."

"आणखी?"

मी बोटांवर मोजायला लागलो.

"सूनबाई आहे की रे, गाढवा," काका म्हणाले. मग ते पाळण्याकडे वळले. "बाळंतपणापुरतं बाजूला टाक आणि ते कशासाठीही मोडू नकोस. दुधाचं दुधाच्या वेळी. शाळेचं पोर चालायला लागल्यावर. सगळं एकदम जमवायला गेलास तर माझ्यासारखा जमवशील."

मी नको तेच बोललो. "मग ते पैसे, काका?"

"काकूच्या दुखण्याला लागले. वाया नाही गेले. खातं बदललं फक्त."

ते उठले, वरवंटा उचलून माझ्या हातात दिला आणि पाळण्याच्या साखळ्या सोडवायला लागले. वरवंटा तान्ह्या पोराएवढा जड होता. "एका हातानं नको," काका पाठमोरेच म्हणाले. "खाली हात घे."

"अहो काका, आमच्याकडे अजून कशात काही नाही!"

"म्हणूनच रिकामा नेऊ नकोस."

पाळणा आणि वरवंटा घेऊन मी दारात उभा राहिलो. हिनं आधी पाळण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आठवडाभरानं तोंड उघडलं. "आत या. दारात काय उभे?"

मुलगी झाली. बारशाला रीतीप्रमाणे वरवंट्याला कुंची घातली, बायकांनी तो पाळण्याखालून-वरून फिरवला आणि मग बाळाला पाळण्यात घातलं. काका गॅलरीत दाराकडे पाठ करून उभे होते. बायका पांगल्यावर ते आत आले.

"पाळणा राहू दे पोरीला. माझा वरवंटा तेवढा दे."

ही कुंची सोडायला लागली, तसे ते घाईनं म्हणाले, "असू दे. असू दे अंगावर."

आम्हाला वाटलं, पाळणा गेला, आता वरवंटा पाट्यावर येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाराशी हजर, हातात वाटी. "सूनबाई, एवढं वाटून देतेस का?" हिनं काही न विचारता वाटी घेतली. नंतरही कधी विचारलं नाही.

राज्य आलं, चाळीवर दिवे लागले. पुढं काका निवृत्त झाले आणि रत्नागिरीकडे पुतण्याकडे जायला निघाले. पुतण्याला त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. "पाटा जड आहे, तुझ्याकडे ठेव," म्हणाले. आमच्याकडे पाटा होताच. त्यांचाही त्याच्याशेजारी ठेवला. तो आजही तिथेच आहे, वरवंट्याशिवाय.

त्यांना बोटीवर पोचवायला मी मुलीला घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेलो. हमालानं ट्रंक घेतली, वळकटी घेतली आणि काकांच्या खांद्याशी धरलेल्या गाठोड्याला हात घातला. "द्या साहेब, तेही."

"हे नको. हे मी घेतो."

बोट हलली तेव्हा मी मुलीचा हात धरून हलवला. काकांना हलवायला हात मोकळा नव्हता. एकानं त्यांनी कठडा धरला होता. दुसरा, वाऱ्यानं कुंची उडू नये म्हणून, वरवंट्यावर होता.