प्रश्नच चुकीचा आहे

रविवारच्या पुरवणीत मागच्या पानावर सामान्यज्ञानाचे दहा प्रश्न येतात. आमच्या भांडुपच्या घरी ते तिघांत सोडवायचे असतात. आई कोलंबी सोलता सोलता प्रश्न मोठ्याने वाचते, बाबा उत्तर देतात आणि मी लिहिते. मी शाळेत होते तेव्हापासून हे असंच चाललंय.

बाबा कारखान्यात युनियनचं काम करायचे. गेटवर वाटायची पत्रकं ते घरीच लिहीत, आणि मी अक्षरं गिरवली तीही त्या पत्रकांच्या मागच्या कोऱ्या बाजूंवर. त्यामुळे आमच्याकडे कुठल्याही प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नसे. आधी प्रश्नाचीच उलटतपासणी व्हायची. अमुक धरण कोणत्या नदीवर आहे, असं पुरवणीने विचारलं की बाबा नदीचं नाव सांगत आणि पुढे म्हणत, “आणि लिही, गावं किती उठली ते विचारायचं राहिलंय.” मी चौकटीबाहेर, समासात, बारीक अक्षरात तेही लिहायचे. असल्या पुरवण्या घातलेली आमची पाकिटं दर आठवड्याला पेपरकडे जात आणि बक्षिसाचा कुकर कधीच येत नसे.

“एकदा तरी कुकर गावलो असतो,” आई म्हणायची.

“कुकर पाहिजे की सत्य पाहिजे?” बाबा.

“माका कुकर व्हयो.”

मी अर्थातच बाबांच्या बाजूची. आजही आहे. छापील प्रश्नासमोर मान तुकवायची नाही, हे मी त्या समासातच शिकले.

गेल्या वर्षभरात बाबांच्या हरकती वाढल्या. विधानसभेत जागा किती, असं पुरवणीने विचारलं तर म्हणाले, “जागा मोजून काय करायचंय? आत कोण बसलंय ते बघा.” मला हे इतकं आवडलं की मी ते आमच्या युनियनच्या एका पत्रकात मथळा म्हणून टाकलं, कारण आता पत्रकं मी लिहिते. जागांचा आकडा त्यांनी सांगितलाच नाही, हे मनात आलं नाही. मग कडी असलेला ग्रह कोणता, असा प्रश्न आला.

“प्रश्नच चुकीचा आहे,” बाबा म्हणाले.

“शनीत काय चुकीचं आहे, बाबा?”

“लोकांना पाणी नाही नळाला, आणि हे ग्रह घेऊन बसलेत.”

मी हसले. आईचे हात मात्र कोलंबीवर थांबले होते. दुपारी भांडी घासताना ती म्हणाली, “डॉक्टरकडे जाऊया.” मुलुंडला एक डॉक्टर आहेत, विसरभोळेपणाचे, शेजारच्या काकूंनी सांगितलेले. तिने नंबर आधीच घेऊन ठेवला होता.

डॉक्टर तरुण होते. त्यांचीही प्रश्नमंजुषाच निघाली. आज वार कोणता? बाबांनी भिंतीकडे पाहिलं. तिथे कॅलेंडर नव्हतं. “सुट्टीचा नाही, एवढं खरं,” ते म्हणाले. देशाचे पंतप्रधान कोण?

“त्यांचं नाव मी तोंडाने घेत नाही.”

डॉक्टर हसले. मीही हसले, आणि खोटं कशाला बोलू, छाती फुगली माझी. मग त्यांनी शंभरातून सात वजा करायला सांगितलं, उरतील त्यातून पुन्हा सात.

“वजाबाकीच का?” बाबा म्हणाले. “कामगाराला आयुष्यभर तेच.”

या वेळी डॉक्टर हसले नाहीत. बाबांना आईबरोबर बाहेर बसवून ते मला म्हणाले, “येत नाही म्हणून टाळणं आणि पटत नाही म्हणून नकार देणं, यातला फरक मला समजेना. काही तपासण्या करू, पण घरातलं निरीक्षण महत्त्वाचं. तुम्हाला कळतो का तो फरक?”

“बघून कळवते,” मी म्हटलं. दुसऱ्या कुठल्याही घरात हे केव्हाच लक्षात आलं असतं. आमच्या घरात विसरणं तत्त्वाचे कपडे घालून फिरत होतं आणि आम्ही त्याला टाळ्या वाजवत होतो. मला आता असा प्रश्न हवा होता, ज्याला बाबा तत्त्वाने नाही म्हणूच शकणार नाहीत.

पुढच्या रविवारी पुरवणी मी हातात घेतली. चार प्रश्न छापलेले वाचले. पाचवा मनातला विचारला. “भांडुपच्या कारखान्यातल्या मोठ्या संपाची पहिली मागणी कोणती?”

आईने माझ्याकडे पाहिलं. हा प्रश्न पेपरात नाही, हे तिला कळलं होतं. तिने पुढची कोलंबी उचलली.

ती मागणी बाबांनी स्वतः लिहिलेली. मी लहानपणी ती कवितेसारखी म्हणत असे. बाबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांची बोटं लुंगीच्या काठावर काहीतरी शोधत होती.

“प्रश्नच चुकीचा आहे,” ते म्हणाले.

मला वाटलं होतं, मी विचारेन, का चुकीचा? तोंडातून निघालं भलतंच. “कंत्राटी कामगारांना कायम करा. ही होती, बाबा.”

त्यांनी मान डोलावली. “बरोबर मागणी आहे. एकदम बरोबर.” मग थोडं पुढे वाकून म्हणाले, “लिहिली कोणी, बाय?”

“तुमीच लिवलात,” आई म्हणाली आणि उठून आत गेली. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला.

आम्ही थट्टा करतोय असं समजून बाबांनी हसून पाहिलं.

सोमवारी सकाळी मी गॅलरीत जाऊन डॉक्टरांना फोन लावला. कारखान्याच्या गेटसमोर, कामगारांपुढे मी माईकशिवाय बोलू शकते. इथे एक साधं वाक्य निघेना. शेवटी मी म्हटलं, “नकार नाहीये तो. येत नाहीये त्यांना. मलाही उशिरा कळलं.” ते म्हणाले, उद्याच आणा. मी वेळ विचारली, ती ऐकू आली नाही, पुन्हा विचारली. माझा आवाज चढला असावा.

आतून बाबांनी आईला विचारलं, “कोणाशी भांडतेय गो ती?”

“भांडना नाय,” आई म्हणाली. “बोलता हा.”

“भांडू दे,” बाबा म्हणाले. “सोडू नको म्हणावं.”