बराकीतलं पुरण

सुनेला जाळल्याच्या गुन्ह्यात सत्यभामाबाई जबलपूरच्या तुरुंगात आल्या, तेव्हा बरगीकडचं घर सुटलं, मुलगा सुटला. सोवळंओवळं मात्र सुटलं नाही. पाळीच्या दिवसांत त्या बराकीच्या दाराशी वेगळी चटई टाकून बसायच्या आणि इतर बायांनाही बसायला लावायच्या. तुरुंगात कसलं मेलं सोवळं, असं कुणी म्हटलं की फाडकन तोडून टाकायच्या.

पन्नाशी उलटली आणि पाळी थांबली. अंगाची भट्टी व्हायची, झोप उडाली, उगाच रडू यायचं. तुरुंगातल्या डॉक्टरबाबूंनी लांबूनच विचारपूस केली आणि सगळ्यांना देतात तीच गोळी दिली. पण त्या थांबण्यानं बाईंना एक मान मिळाला. भाद्रपदात बायांच्या बराकीत महालक्ष्म्या बसत. त्यांच्या नैवेद्याचं पुरण आता त्याच करायच्या, कारण त्यांना आता अडचण नव्हती. एरवी सुनेची खुनी म्हणून कुणी त्यांच्या हातचं पाणी पीत नसे. त्या दिवशी मात्र सगळी बराक त्यांच्यापुढे प्रसादाला हात पसरायची. बाई त्या एका दिवसावर वर्ष काढायच्या.

दोन-तीन वर्षं अशी गेली आणि एका उन्हाळ्यात पांढऱ्या लुगड्याला डाग दिसला. त्यांनी फक्त शेजारी झोपणाऱ्या शकुला सांगितलं.

"पाळी परत आली काय वं?"

"या वयात? मेट्रनदीदीले सांगा न, दवाखान्यात नेतीन."

"सांगू काहून? मंग महालक्ष्म्यांचं कोन करन?"

शकु बिचारी कुणाला काही बोलली नाही आणि आपल्या वाटणीच्या कापडाच्या घड्या त्यांना देत राहिली.

पावसाळ्यात तपासणीला सरकारी दवाखान्यातून डॉक्टर विनता आल्या. मराठीच निघाल्या, मनानं चांगल्या. सगळ्यांना अंगणात ओळीनं बसवून त्यांनी विचारलं, पाळी थांबल्यावर कुणाला रक्त जातं का? विचारायचं होतं ते नेमकं विचारलं, पण चारचौघींत! आडोशाला नेऊन विचारायचं कुणालाच सुचू नये, याचा संताप येतो. सत्यभामाबाईंनी सगळ्यांदेखत मान हलवली. नाही.

महालक्ष्म्यांच्या जेवणाला त्यांनी कापडाच्या दुहेरी घड्या बांधल्या आणि देवीची मनोमन माफी मागत पुरण घाटलं. पातेलं उतरवायला उठल्या आणि चक्कर येऊन कोसळल्या. लुगडं लाल झालेलं सगळ्यांनी पाहिलं. बाया किंचाळल्या, पण बाईंसाठी नव्हे.

"पूरा परसाद बिगाड़ दिया!"

पुरण मोरीत गेलं. सून खाल्ली, आता देवीही बाटवली, असं कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हणालं.

सरकारी दवाखान्यात पोरसवदा शिपाईण दाराशी उभी राहिली. पडद्याआड डॉक्टर विनतांनीच तपासलं. मग खुर्ची ओढून जवळ बसल्या.

"बाई, ही पाळी नव्हती. गर्भाशयाचा कॅन्सर आहे. बराच पसरलाय. आधी सांगितलं असतं तर काही करता आलं असतं."

 हळूहळू सत्यभामाबाईंचा चेहरा उजळला.

"पाळी नोहती? खरंच नोहती?" त्यांनी डॉक्टरांचा हात घट्ट धरला. "मंग माह्या हातचं बाटलं नोहतं, डॉक्टरीनबाई! बराकीत येऊन तेवढं सांगता काय?"