व्हर्नियरकाकांची चुकलेली खरेदी

व्हर्नियरकाकांना हे नाव कारखान्यात पडलं आणि तिथून त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आलं. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्याचं स्टोअर सांभाळलं. एक खिडकी, खिडकीला जाळी, जाळीला माल द्यायचं चौकोनी भोक, आणि भोकाच्या आत काका. खिशात एखाद वेळी पेन नसेल, पण व्हर्नियर असायचाच, म्हणजे केसाची जाडीसुद्धा सांगणारी ती जबड्यांची स्टीलची मोजपट्टी. कुणी बोल्ट मागायला आला की आधी त्याच्याकडचा जुना बोल्ट जबड्यात धरायचा, मग नवा धरायचा, आणि मग कुठे वहीत सही. मागे रांग लागली तरी घाई करायची कुणाची बिशाद नव्हती. एकतीस वर्षांत त्या भोकातून चुकीचा नग बाहेर गेला नाही. काका स्वतःच दर चार दिवसांनी हे सांगत, त्यामुळे सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

दुसऱ्याच्या चुकीला मात्र त्यांच्याकडे माफी नव्हती. एका नवख्या फिटरने एकदा उलट्या आट्यांचा नट चढवला, तर काकांनी भर खात्यात त्याची अशी हजेरी घेतली की तो बिचारा आठवडाभर डबा खायला दुसऱ्या शेडमध्ये जात होता. काका माणूस म्हणून वाईट नव्हते हो. पण स्वतःच्या हातून काही चुकलं तर नंतर कसं वागायचं असतं, हे शिकायची वेळच त्यांच्यावर आली नव्हती.

ती आली निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, आणि आली ती मुलीच्या कामात.

मुलगी नकाशे काढायची. उंच इमारतींमधून पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप कुठून कुठे जातील, त्याचे. हुशार पोरगी. पण पाठीच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, रोज येऊन-जाऊन चार तासांचा प्रवास डॉक्टरांनी बंद केला, आणि नोकरी सुटली. सात महिने घरात काढल्यावर एका दुसऱ्या ऑफिसच्या बाई म्हणाल्या, घरून काम कर, एक तारखेपासून सुरू, फक्त कॉम्प्युटर तुझा हवा. तिच्याकडे होता तो लॅपटॉप मोठा नकाशा उघडायला घ्यायचा, चहा गार होईपर्यंत विचार करायचा आणि आपोआप बंद पडायचा. म्हणून सुटे भाग आणून कमी खर्चात टेबलावरचा कॉम्प्युटर जुळवायचा ठरला. मॉनिटर होता, कॉम्प्युटरचा बाहेरचा डबा आणि बाकीचं किडुकमिडुक एका मैत्रिणीकडून मिळालं. राहिला मदरबोर्ड, त्यावरचा प्रोसेसर आणि मेमरी. मुलीने साठवलेले पैसे काढून वडिलांच्या हातात ठेवले. "बाबा, मला बाजारात हिंडवणार नाही. तुम्हीच बघा. तुमच्याइतकं नीट कोण बघणार?"

काकांची छाती दोन बोटं फुगली. त्यांची बायको मात्र स्वयंपाकघरातून म्हणाली, "एक तारीख कुठल्या वर्षाची, तेवढं विचारून घे. पंखा घ्यायला यांना अकरा महिने लागले होते."

पण या वेळी काकांनी खरंच वेळ घालवला नाही. सगळा घोटाळा तिथेच झाला.

कॉम्प्युटरच्या भागांची दुकानं एका अरुंद गल्लीत होती. पहिलंच दुकान एका बाईंचं. चष्मा कपाळावर, स्टूल काउंटरच्या आत, मागे खोक्यांची छतापर्यंत चढलेली भिंत. बाईंनी काम काय ते विचारलं आणि एक साधा, जुन्या पिढीचा बोर्ड पुढे ठेवला. "नकाशांना हा पुरतो. दिवे लागणारा घेऊ नका, दिव्यांनी नकाशा लवकर उघडत नाही. आठ-आठ जीबीच्या दोन मेमरी लावा, सोळा होतील. पण काका, आधी बोर्ड पक्का करा. त्यात कुठल्या पिढीची मेमरी बसते, ते बोर्ड ठरवतो, आपण नाही."

आता एवढं स्वच्छ सांगितल्यावर माणसाने ऐकावं की नाही? काकांनी ऐकलं नाही, मोजलं. खिशातून व्हर्नियर काढून मेमरीच्या खोबणीत बसणाऱ्या नमुन्याच्या पट्टीची लांबी घेतली. एकशे तेहतीस पूर्णांक पस्तीस मिलिमीटर. पिना दोनशे अठ्ठ्याऐंशी. दोन्ही आकडे चिठ्ठीवर टिपले आणि "उद्या येतो" म्हणून निघाले.

गल्लीच्या टोकाच्या दुकानात पाटी होती, आज शेवटचा दिवस. नव्या पिढीची मेमरी, वेगाने दीडपट, आणि किंमत जवळपास जुनीएवढीच. काकांनी पाकीट हातात घेतलं. "फोडा, मला मोजायचंय." पोऱ्या-बिऱ्या कुणी नव्हता, मालकच होता. तो म्हणाला, फोडलेला माल परत घेत नाही. "परत करायला मी आणत नसतो," काका म्हणाले. लांबी मोजली. एकशे तेहतीस पूर्णांक पस्तीस. भिंग मागून घेतलं आणि सोनेरी पिना मोजल्या. या बाजूला एकशे चव्वेचाळीस, त्या बाजूला एकशे चव्वेचाळीस. मालकाने दोनदा जांभई दिली. काकांनी दोन पट्ट्या घेतल्या आणि स्वतःवर खूश होऊन घरी आले.

दुसऱ्या दिवशी बाईंकडून बोर्ड आणि प्रोसेसर घेतला. बाई म्हणाल्या, मेमरी? काका म्हणाले, आहे माझ्याकडे. बाईंनी विचारलं, कुठल्या पिढीची? काकांनी नाक वर करून सांगितलं, "माप घेतलंय."

घरी मुलगी झोपली होती. काकांनी दाराला कडी घालून टेबलावर स्वच्छ कापड अंथरलं, बोर्ड ठेवला आणि मेमरी खोबणीवर धरली. बसेना. फिरवून धरली, तरी बसेना. मग त्यांनी खाली वाकून बघितलं. पट्टीच्या खालच्या कडेला एक बारीक खाच असते आणि खोबणीत तिच्या जागी एक उंचवटा. दोन्ही एकमेकांसमोर यायला हवेत. ते नखभर सरकलेले होते. चुकीच्या पिढीची मेमरी कुणी बसवू नये म्हणूनच तो फरक केलेला असतो. काकांनी लांबी मोजली होती, पिना मोजल्या होत्या. खाच मोजली नव्हती.

दुसऱ्या कुणी दाबून बसवली असती आणि बोर्ड मोडला असता. काकांनी दाबली नाही. सगळं पुन्हा चंदेरी पिशव्यांत घातलं, कपाटावरच्या पेटीमागे लपवलं आणि कडी काढली. मुलीचे पैसे जवळपास संपले होते, योग्य मेमरी पुन्हा घेण्याइतकेही उरले नव्हते. नव्या मेमरीला चालेल असा बोर्ड घ्यायचा तर प्रोसेसरही नवा, आणि तो खर्च बजेटच्या पार बाहेर. संध्याकाळी मुलीने विचारलं, "काय झालं बाबा?" काका म्हणाले, "चौकशी चालू आहे."

आणि इथून पुढे तीन आठवडे या सत्यवादी माणसाने घरात ताकास तूर लागू दिली नाही. सकाळी पिशवी घेऊन निघायचं. टोकाच्या दुकानदाराने हात झटकले. तो तरी काय करणार, आधीच सांगितलं होतं त्याने. मग दुकानामागून दुकान, कुणी बदलून देतं का. पाकीट फोडलेलं बघून जो तो मान हलवायचा. बाईंच्या दुकानासमोरून जायला लागू नये म्हणून काका मागच्या बोळातून वळसा घालून गल्लीत शिरायचे. तिथे गेलं की सांगावं लागणार होतं, आणि नेमकं तेच त्यांना जमत नव्हतं. त्यांना लाज वाटत होती. जेवताना भाकरी अर्धी राहायची. बायको म्हणायची, "अहो, एक बोर्ड तो काय, त्याच्यापायी उपाशी राहणार का?" काका ताट उचलून मोरीवर जायचे.

मुलगी आधी चिडवायची. म्हणायची, "बाबांनी बोर्ड बनवणाऱ्या कारखान्यापर्यंत चौकशी नेली असेल." मग चिडवायची थांबली. मग विचारायचीही थांबली. तिच्या गप्प बसण्याचा काकांना सुटल्यासारखा आनंद झाला, एवढे ते स्वतःच्याच चिंतेत बुडाले होते.

महिना संपायला दोन दिवस राहिले. दुपारची जेवणं उरकली होती. मुलगी पाठीला पट्टा बांधून, मागे दोन उशा घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसली होती. काका पिशवी उचलून निघाले, तशी ती म्हणाली, "बाबा, आता नका जाऊ. राहू दे."

"राहू दे कसं? आज एका ठिकाणी बोलावलंय."

"मला एक सांगा. खरं सांगा, मी रडणार नाही." ती त्यांच्याकडे न बघता बोलत होती. "तुम्हाला वाटतं ना, माझ्याने आता हे काम होणार नाही? दोन तास बसले की पाठ धरते, हे तुम्ही बघता. म्हणून पैसे वाया जाऊ नयेत असं तुम्हाला वाटतं. तुम्ही कधी उगाच थांबत नाही. तुम्ही मोजलं असणार."

काकांच्या हातातली पिशवी तशीच राहिली. चिकट म्हण, म्हातारा झालो म्हण, काहीही म्हण, ते सगळं त्यांनी गिळलं असतं. पण पोरीने तीन आठवडे उशाला टेकून हा हिशेब मांडला होता, आणि तो त्यांच्या गप्प बसण्यातून मांडला होता. ते आत गेले, स्टूलावर चढले, पेटीमागून बोर्डाची पिशवी काढली आणि हातातल्या पिशवीतल्या मेमरीसह तिच्या मांडीवर आणून ठेवली.

"दुसऱ्याच दिवशी आणलंय सगळं," ते म्हणाले. "मेमरी चुकीची आणली. बसत नाही. माझी चूक झाली."

शेवटचे तीन शब्द त्यांनी असे उच्चारले, जणू कुणी परकी भाषा वाचायला दिली आहे. बायको दारात येऊन उभी राहिली.

मुलीने पट्टी काढली, बोर्ड काढला, दोन्ही शेजारी धरून पाहिलं. तिला लगेच कळलं. "लांबी मोजलीत?"

"मोजली."

"पिना?"

"त्याही."

"आणि खाच?"

काकांचा हात खिशातल्या व्हर्नियरकडे गेला. मुलगी हसायला लागली. हसता हसता पाठीत कळ आली, तिने पट्ट्यावर हात दाबला, आणि मग ती हसतेय की रडतेय ते कळेना. "तीन आठवडे," ती म्हणत होती. "बाबा, तीन आठवडे मी इथे बसून…"

बायकोने पदराने स्वतःचे डोळे पुसले आणि कामाचं बोलली. "त्या दुकानवाल्या बाईंना विचारलंत?"

"नाही."

"का?"

मुलीने बिलावरचा नंबर बघून फोन लावला, चार वाक्यांत सांगितलं. पलीकडून बाई म्हणाल्या, "नवीन पिढीची आहे ना, चालू आहे ना? पाठवून द्या. त्या बोर्डाची गिऱ्हाइकं येतात माझ्याकडे, मी विकेन. बदल्यात जुन्या पिढीच्या दोन न्या. थोडा तोटा होईल, पण काम अडणार नाही. काका इतके दिवस आले का नाहीत?"

तीन आठवडे, आणि एवढंसं काम. काका खाली बसले. पण मुलगी फोन ठेवून परत उशांना टेकली आणि हळूच म्हणाली, "आता मेमरी मिळून काय उपयोग? मी काल ऑफिसला कळवलं. जमणार नाही म्हणून."

बायको काकांकडे बघत होती, ते बोर्डाकडे. मग काका उठले. "ऑफिसचा नंबर लावून दे," ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही कशाला? मी बोलेन."

"तू नाही म्हणालीस ते माझ्यामुळे. लाव."

तिने लावला आणि फोन त्यांच्या हातात दिला. ऐकायला यावं म्हणून स्पीकर चालू ठेवला. काका उभेच होते, दोन्ही हातांनी फोन धरून. कारखान्यात मोठ्या साहेबांसमोरही ते असे उभे राहिले नव्हते.

"मी तिचा बाप बोलतोय," त्यांनी सुरुवात केली. "तिने काल नाही म्हणून कळवलं. ते तिचं नाही. मशीनसाठी माल मी आणला, चुकीचा आणला, आणि लाज वाटली म्हणून घरात सांगितलं नाही. तिला वाटलं, मला तिच्या कामावर भरवसा नाही. उद्या संध्याकाळी मशीन तयार होतंय. चूक माझी आहे, बाई. शिक्षा तिला नको."

पलीकडे थोडा वेळ कागदांचा आवाज येत राहिला. "मी दुसऱ्या एकीला विचारून ठेवलंय," ऑफिसच्या बाई म्हणाल्या. "तिचं अजून उत्तर नाही. पण स्पष्ट विचारते, राग मानू नका. पाठीचं ऑपरेशन झालंय. तिला झेपेल?"

"झेपेल," काका म्हणाले. "मध्ये मध्ये आडवी होईल, पुन्हा उठून बसेल, पण नकाशा चुकायचा नाही. मी आयुष्यभर लोकांचं काम तपासलं. तिच्यासारखं काम करणारं माणूस मला कारखान्यात भेटलं नाही. मला तिची कधी शंकाच आली नाही. एक दिवसही नाही."

"ठीक आहे. एक तारखेला सकाळी पहिला नकाशा पाठवते. उघडला की तिने मला फोन करावा." बाईंनी विचारलं, "आणि आता जे सांगितलंत, ते कधी तिला सांगितलंय का तुम्ही?"

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. मुलगी उशा सोडून ताठ बसली होती आणि त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"नाही," ते म्हणाले. "आत्ता ऐकतेय ती."