बांधावरच्या कडुलिंबाचा इसार

अक्षर वेडंवाकडं आहे, शुद्धलेखनही चुकलं असेल. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर माफ करावं. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

आमच्या बचत गटाच्या बायकांनी बैठकीत ठरवलं होतं, की बांधावरचं उभं झाड विकायचं नाही आणि कुणी तोडायला आलंच तर सगळ्यांनी जाऊन अडवायचं. मीही हात वर केला होता. त्याच आठवड्यात, भाचीच्या लग्नात आपला आहेर हलका दिसू नये म्हणून मी एका लाकूडवाल्याकडून आमच्या बांधावरच्या कडुलिंबाचा इसार घेतला. घरात ह्यांनाही सांगितलं नाही.

लाकूडवाला मशीन घेऊन आला तेव्हा आम्ही शेजारच्या रानात खुरपत होतो. बायका खुरपी टाकून पळाल्या आणि बुंध्याभोवती बसल्या. मीही बसले. गटातली सगळ्यांत म्हातारी बाई त्याला म्हणाली, "चालव, आधी माज्या पाठीवर चालव. वाळलेलं लाकूड लवकर तुटतं."

"मावशी, म्या फुकट न्हाय आलो. इसार दिलाय," असं म्हणून त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. हे औत सोडून तिथं आले होते. त्यांनीही माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "व्हय. म्याच घेतला."

मग बायकांनी ह्यांनाच धरलं. "दाजी, सावली इकून किती प्यालात?" ज्या माणसानं कधी दारूला हात लावला नाही, त्याला हे ऐकावं लागलं. मी बुंध्याला टेकून बसूनच होते.

त्या दिवशी झाड वाचलं. पण लाकूडवाला बजावून गेला, दिवाळीपर्यंत पैसे परत द्या, नाहीतर झाड नेणार.

पुढं पंधरा दिवस गल्लीत ह्यांची टिंगल चालली. घरी आल्यावर ते जेवून लगेच उठून जात होते. शेवटी बैठकीत मी खरं सांगितलं.

"मग आमच्यासंगं झाडाखाली बसलीस कशाला गं?" म्हातारीनं विचारलं.

"तुमी बसला म्हणून."

कुणीतरी फिसकन हसलं. म्हातारी हसली नाही. "दाजींना आमी काय काय बोललो, अन् तू ऐकत बसलीस."

इसार मीच परत करीन, म्हणाले.

गटातून कर्ज घे म्हणाल्या, मी घेतलं नाही. खुरपणीच्या मजुरीतून दर आठवड्याला भूमच्या बाजारात जाऊन लाकूडवाल्याला थोडं थोडं देत गेले. दिवाळीच्या आधीच्या बाजाराला हेही बरोबर आले. लाकूडवाल्यानं नोटा दोनदा मोजल्या आणि म्हणाला, "मिटलं, वैनी." सगळा इसार फिटला.