पणजोबांचा सत्कार

परदेशात, क्वीन्सटाउनमधल्या आमच्या इमारतीत राहणारे एक बेलारूसचे गृहस्थ मला लिफ्टमध्ये भेटत. मी त्यांना रशियन म्हणायचो. ते दर वेळी शांतपणे "बेलारूस" म्हणायचे. बोलण्याआधी ते इतके थांबत, की तेवढ्यात माझा मजला यायचा.

त्यांचे पणजोबा बेलारूसच्या स्वातंत्र्यासाठी लढलेले सेनानी आणि पुढारी होते, असं एकदा कळलं. झालं! माझ्या अंगात इतिहास संचारला. "आमच्या मराठी कार्यक्रमात तुमचा सत्कार करू?" मी विचारलं. ते थांबले. तो होकार समजून मी लिफ्टबाहेर पडलो.

कार्यक्रमात मी त्यांच्या खांद्यावर शाल घातली आणि पणजोबांवर बोललो. मला माहिती दोन वाक्यांची होती. बाकीचं शौर्य पदरचं घातलं.

मग ते इंग्रजीत बोलले. "पणजोबा आमच्या देशासाठी, भाषेसाठी लढले, हे खरं. त्यांच्याच हुकमावरून एक गाव जाळलं, हेही खरं. त्या गावातून वाचलेली एक मुलगी म्हणजे माझ्या आईची आई."

त्यांनी शाल नीट घडी करून माझ्या हातात दिली.

पुढचं भाषण माझंच होतं, 'आमच्या घराण्याची तलवार'. मी माईकपाशी गेलो आणि जेवण तयार असल्याचं जाहीर केलं.