कॅप्सूलचं टरफल

अप्पा, माझे वडील, लष्कर मोहल्ल्यातले शिंपी. पाठ दुखते ती मशीनवर वाकून, असंच आम्ही धरून चाललो होतो. निघाला रक्ताचा कॅन्सर, हाडं पोखरणारा. म्हैसूरच्या एका दवाखान्यात त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत घेतलं. कॅप्सूल अख्खी गिळायची होती. पण कॅप्सूलचं टरफल जनावराच्या हाडांचं असतं, असं कुणीतरी सांगितलं आणि अप्पांच्या गळ्यात तुळशीची माळ. ते टरफल उघडून नुसती पूड मधातून चाटू लागले. डॉक्टरांनी विचारताच तसं सांगूनही मोकळे झाले. नियम मोडला म्हणून त्यांना चाचणीतून काढलं.

"गिळली म्हणायचं होतं की!" मी ओरडलो.

"माळ घालून?"

शेवटी ती माळसुद्धा त्यांच्या हाडांना जड व्हायची. काढू मात्र दिली नाही.